इन्सुलिनचा परतीचा प्रवास

‘शुगर’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही माहीत झाला आहे. कुणाच्या आजोबांना शुगर असते, कुणाच्या आत्याला रोज सुई घ्यावी लागते. पण कुत्र्यालाही शुगर होते का, असा प्रश्न एखाद्या मुलाने वर्गात विचारला तर बाकीची मुले हसण्याचीच शक्यता जास्त. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुत्र्यांना मधुमेह होतो आणि उपचार झाले नाहीत तर त्यांचा जीव जातो. इतकेच नव्हे, तर माणसाच्या मधुमेहाबद्दल आपल्याला जे कळले, त्यातला फार मोठा भाग कुत्र्यांमुळेच कळला. हा इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असा आहे, कारण त्यात जीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, थोडे गणित आहे आणि मुलांशी बोलता येईल असा एक नीतीचा प्रश्नही आहे.

मुंग्यांनी केलेले निदान

समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात घराच्या राखणीला सात-आठ वर्षांची कुत्री आहे. पूर्वी डेऱ्यातले पाणी दिवसातून दोनदा पिणारी ही कुत्री आता पाण्याचे भांडे सारखे रिकामे करते. रात्री अंगणातच लघवी करते. खाणे वाढले आहे, तरी बरगड्या दिसू लागल्या आहेत. सकाळी पाहावे तर तिने लघवी केलेल्या जागी मुंग्यांची रांग लागलेली. घरातले लोक म्हणतात, ‘वय झालं तिचं.’

मुंग्यांची ही खूण आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये रोग्याच्या शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या व माश्या आकर्षित होतात, असे नोंदले आहे. ‘मधुमेह’ हे नावच मधासारख्या मूत्रावरून पडले. युरोपात ही गोष्ट बऱ्याच उशिरा लिहिली गेली. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ साली मधुमेहाच्या रोग्याचे मूत्र गोड असते असे लिहिले. पुढे लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने १७७६ मध्ये असे मूत्र आटवून तळाशी साखरेसारखा पदार्थ उरतो हे दाखवले. रक्तातला द्रवही गोडसर लागतो, हे त्याच्याच लक्षात आले. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती रक्तातूनच येते, असा त्याचा अर्थ होता.

पण रक्तात साखर का वाढते? शरीरातला कोणता अवयव बिघडल्यामुळे हे होते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला आणखी शंभरहून अधिक वर्षे जावी लागली, आणि ते एका कुत्र्याकडून मिळाले.

स्ट्रासबर्गची प्रयोगशाळा

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. तिचा पाचकरस आतड्यात उतरतो हे एकोणिसाव्या शतकात माहीत झाले होते. १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या ग्रंथीत विखुरलेल्या पेशींच्या लहान लहान पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. आज त्यांना आपण लांगरहान्सची द्वीपके म्हणतो.

१८८९ साली स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघांमध्ये एक वाद झाला. चरबी पचण्यासाठी स्वादुपिंड आवश्यक आहे की नाही, असा तो वाद होता. मधुमेहाचा त्यात विषयही नव्हता. वाद मिटवण्यासाठी त्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकले. कुत्रे वाचले. फॉन मेरिंग घरच्या अडचणीमुळे काही दिवस बाहेरगावी गेला, आणि कुत्रे मिंकोव्स्कीच्या प्रयोगशाळेतच बांधलेले राहिले.

हे कुत्रे चांगले शिकवलेले होते. बाहेर नेल्याशिवाय ते लघवी करत नसे. आता मात्र ते खोलीतच पुनःपुन्हा लघवी करू लागले. मिंकोव्स्कीने नोकराला विचारले, तेव्हा नोकर म्हणाला की, बाहेर नेऊन आणले तरी ते लगेच पुन्हा करते. मिंकोव्स्कीने ती लघवी तपासली. तिच्यात सुमारे १२ टक्के साखर निघाली. आपल्याकडच्या उसाच्या रसातही साधारण एवढीच, किंवा थोडी अधिक, साखर असते. यावरून कल्पना यावी.

या शोधाबद्दल एक गोष्ट पुस्तकांतून नेहमी सांगितली जाते. कुत्र्याच्या लघवीवर माश्या घोंगावताना नोकराने पाहिल्या आणि त्यावरून शोध लागला, अशी ती गोष्ट. मिंकोव्स्कीने स्वतःच पुढे ती खोटी असल्याचे सांगितले. वर्गात सांगताना खरी हकीकत सांगावी, कारण ती अधिक शिकवणारी आहे. शिस्तीच्या कुत्र्याचे वागणे बदलले, हे एका माणसाने पाहिले. कुत्र्याला किंवा नोकराला दोष देऊन तो थांबला नाही, त्याने कारण शोधले. कुत्रे पाळणाऱ्याने आजही हेच करायला हवे. घरात न घाण करणारे कुत्रे घाण करू लागले, तर पहिला विचार काठीचा न येता आजाराचा यावा.

स्वादुपिंड काढले की मधुमेह होतो, हे आता सिद्ध झाले. त्या ग्रंथीतून रक्तात काहीतरी मिसळत असले पाहिजे आणि तेच साखरेचे नियमन करत असले पाहिजे, असा तर्क पुढे आला. लांगरहान्सच्या द्वीपकांवरून त्या अज्ञात पदार्थाला ‘इन्सुलिन’ हे नावही सुचवले गेले, कारण लॅटिनमध्ये बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात. पदार्थ हाती येण्याआधीच त्याचे बारसे झाले होते.

टोरोंटोचा उन्हाळा

मग तो पदार्थ मिळवण्यात अडचण काय होती? अडचण ग्रंथीतच होती. स्वादुपिंडात इन्सुलिनच्या शेजारी प्रथिने पचवणारे रसही असतात, आणि इन्सुलिन हे स्वतः प्रथिन आहे. ग्रंथी वाटून अर्क काढायला जावे, तर पाचकरस त्याचा फडशा पाडत. जे अर्क मिळत त्यांत इतकी अशुद्धी असे की, टोचल्यावर ताप येई, गळू होई. अनेक संशोधक या वळणावर अडले.

फ्रेडरिक बँटिंग हा कॅनडातला तरुण शल्यचिकित्सक. ऑक्टोबर १९२० मध्ये एक लेख वाचताना त्याला सुचले की, स्वादुपिंडाची नळी बांधून ठेवली तर पाचकरस करणाऱ्या पेशी झिजतील आणि द्वीपके तेवढी शिल्लक राहतील. ही कल्पना घेऊन तो टोरोंटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेला. त्यांनी त्याला जागा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले.

सुरुवात वाईट होती. उकाडा, जखमांमध्ये होणारा संसर्ग आणि नवख्या हातांच्या शस्त्रक्रिया यांमुळे पहिल्या काही आठवड्यांतच बरीचशी कुत्री दगावली. ३० जुलै १९२१ रोजी ४१० क्रमांकाच्या कुत्र्याला अर्क टोचला. एका तासात त्याच्या रक्तातली साखर १०० मिलिलीटरमागे २०० मिलिग्रॅमवरून १२० वर आली. दुसऱ्या दिवशी ते कुत्रे मेले, पण दिशा सापडली होती. त्यानंतर ९२ क्रमांकाची एक कोली जातीची कुत्री स्वादुपिंडाशिवाय वीस दिवस जगली. ती मेली तेव्हा बँटिंगला फार दुःख झाले. नोव्हेंबरपासून ३३ क्रमांकाची ‘मार्जोरी’ रोज टोचलेल्या अर्कावर सुमारे सत्तर दिवस जगली. जानेवारी १९२२ च्या अखेरीस शवचिकित्सेसाठी तिला मारण्यात आले.

या काळात एक गोष्ट स्पष्ट झाली. नळी बांधण्याच्या ज्या कल्पनेवरून सारे सुरू झाले, तिची गरजच नव्हती. कत्तलखान्यातून आणलेल्या गाई-वासरांच्या स्वादुपिंडाचा आम्लयुक्त मद्यार्कात अर्क काढला की पाचकरस निष्क्रिय राहतात आणि इन्सुलिन वाचते, असे दिसले. जेम्स कॉलिप हा जीवरसायनतज्ज्ञ डिसेंबर १९२१ मध्ये सामील झाला आणि त्याने हा अर्क शुद्ध करण्याची रीत बसवली.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला कॉलिपने शुद्ध केलेला अर्क दिला, आणि मरणाच्या दारात असलेला मुलगा सावरला. तो पुढे १९३५ पर्यंत जगला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून मरण थोडे लांबवणे एवढाच उपाय होता.

१९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंगने आपली रक्कम बेस्टबरोबर आणि मॅक्लाउडने कॉलिपबरोबर वाटून घेतली. रुमानियाच्या निकोलाय पाउलेस्कू यांनीही कुत्र्यांवर प्रयोग करून असाच अर्क १९२१ मध्येच जाहीर केला होता. त्यांना या मानात वाटा मिळाला नाही. शोध एकाच माणसाचा असतो, असे मुलांना शिकवू नये, यासाठी हे उदाहरण चांगले आहे.

आणि ज्यांनी सर्वांत अधिक दिले त्या कुत्र्यांचे काय? त्यांच्यापैकी बहुतेकांची ओळख म्हणजे वहीतला एक क्रमांक. त्यांना विचारून कुणी प्रयोग केले नव्हते. त्या प्रयोगांनी लाखो मुले वाचली, हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि म्हणूनच आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीसाठी स्वतंत्र तरतूद केली आहे. वर्गात यावर चर्चा जरूर घ्यावी, मात्र निष्कर्ष मुलांवर लादू नये.

डुकराचे आणि कुत्र्याचे इन्सुलिन एकच

त्यानंतरची साठ वर्षे इन्सुलिन मिळत असे ते कत्तलखान्यातल्या गाईंच्या आणि डुकरांच्या ग्रंथींतून. सुमारे पाव किलो शुद्ध इन्सुलिनसाठी डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनची पूर्ण रचना उलगडली. त्याच्या दोन साखळ्या असतात, एक २१ आणि दुसरी ३० अमिनो आम्लांची; एकूण ५१ मणी. या कामासाठी सँगर यांना १९५८ चे नोबेल मिळाले.

निरनिराळ्या प्राण्यांची ही माळ शेजारी शेजारी मांडली की गंमत दिसते. माणसाच्या आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन मण्यांचा फरक आहे. माणूस आणि डुक्कर यांच्यात फक्त एका मण्याचा, तोही लांब साखळीच्या अगदी टोकाचा. डुक्कर आणि कुत्रा यांच्यात तर काहीच फरक नाही. म्हणजे डुकराचे इन्सुलिन कुत्र्याच्या शरीराला परके वाटत नाही. म्हणूनच जनावरांसाठी खास बनवलेल्या औषधांत डुकराचे इन्सुलिन वापरले जाते. उत्क्रांती शिकवताना याहून सोपे उदाहरण क्वचित मिळेल.

१९७८ साली अमेरिकेत जीवाणूंमध्ये मानवी जनुक घालून त्यांच्याकडून माणसाचे इन्सुलिन करवून घेतले गेले, आणि १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. २००३ मध्ये वोखार्ट या भारतीय कंपनीने या तंत्राने केलेले स्वतःचे इन्सुलिन बाजारात आणले. या कंपनीचा जैवतंत्रज्ञान कारखाना औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे, बीडच्या अगदी शेजारच्या जिल्ह्यात. टोरोंटोच्या माडीवर सुरू झालेले काम अशा रीतीने मराठवाड्यात येऊन पोहोचले. माणसाचे हे इन्सुलिन एका मण्याच्या फरकाने कुत्र्यालाही चालते. तेव्हा कुत्र्याच्या बळावर सापडलेले औषध आता पुन्हा कुत्र्याकडे जाऊ शकते.

कुत्र्याचा आजार कसा असतो

माणसांमध्ये जास्त आढळतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात इन्सुलिन असते पण पुरेसे काम करत नाही, आणि गोळ्यांनी बराच काळ भागते. कुत्र्यांमध्ये बहुधा तसे नसते. त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. म्हणून आजोबांच्या गोळीतला अर्धा तुकडा कुत्र्याला देऊन उपयोग होत नाही, अपाय मात्र होऊ शकतो. कारल्याचा रस किंवा मेथीची भुकटी हीदेखील इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन तोंडाने देता येत नाही, कारण ते प्रथिन असल्यामुळे पोटात पचून जाते. जी अडचण बँटिंगच्या अर्काला होती, तीच येथेही आहे. सुई टोचण्यावाचून मार्ग नाही.

हा आजार सहसा मध्यम वयापुढच्या कुत्र्यांना होतो. शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांमध्ये तो अधिक दिसतो. माजावर येऊन गेल्यानंतरच्या काळात त्यांच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बरेच दिवस जास्त असते. त्याच्या प्रभावाने स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक स्रवते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून मधुमेह झालेल्या मादीची गर्भाशय-अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायला पशुवैद्यक सांगतात. तसे न केल्यास औषधाचे प्रमाण बसवणे कठीण जाते.

तहान का लागते, हे मुलांना सहज समजावता येते. मूत्रपिंड रक्त गाळताना साखर परत घेते, पण तिची एक मर्यादा असते. कुत्र्यात १०० मिलिलीटर रक्तात साधारण १८० ते २२० मिलिग्रॅमच्या पुढे साखर गेली की ती मूत्रात उतरते. उतरताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, आणि लघवी जास्त म्हणून तहान जास्त. दुसरीकडे पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून भरल्या ताटापुढे उपासमार होते. शरीर चरबी जाळू लागते, तिच्यातून आम्ले साचतात, आणि मग उलट्या, धाप, गुंगी व मृत्यू असा क्रम लागतो.

आणखी एक परिणाम मालकाला फार चटका लावतो, तो म्हणजे मोतीबिंदू. डोळ्याच्या भिंगात जादा साखरेपासून सॉर्बिटॉल नावाचा पदार्थ तयार होतो, तो बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतो आणि भिंग पांढरे होते. कुत्र्यांमध्ये हे फार वेगाने घडते. एका अमेरिकी पाहणीत निदानानंतर सहा महिन्यांच्या आत निम्म्या कुत्र्यांना, आणि सोळा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुत्र्यांना मोतीबिंदू झाला होता. माहीत असलेल्या घरात अंध कुत्रे वासावर आणि आवाजावर बऱ्यापैकी वावरते. त्याची बाज, पाण्याचे भांडे आणि दावे यांच्या जागा मात्र बदलू नयेत.

बीडसारख्या जिल्ह्यात

हे सारे पुस्तकात ठीक. पण गेवराई, पाटोदा किंवा धारूरच्या एखाद्या वस्तीवर कुत्र्याला दिवसातून दोनदा सुई कोण टोचणार? हा प्रश्न खोटा नाही. आपल्या मुलुखात कुत्र्याचे स्थान मात्र वरवर दिसते त्यापेक्षा जवळचे आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात. बीड शहरातही खंडोबाचे जुने देऊळ आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. पण कुत्रे आजारी पडले तर त्याला दवाखान्यात न्यायचे, ही रीत अजून पुरेशी रुजलेली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांची सोय आपल्या राज्यात जुनी आहे. मुंबईत परळ येथे पेटिट कुटुंबाच्या देणगीतून प्राण्यांचे रुग्णालय आणि त्याला जोडून १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये आहेत; त्यांत लहान प्राण्यांवरही उपचार होतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची सवय मुख्यतः गाय, बैल, शेळी यांची असते, तरी लघवीतली साखर पाहणे तेथेही जमते. पहिले निदान आणि औषधाचे प्रमाण मात्र पशुवैद्यकानेच ठरवायचे असते. एकदा ते ठरले की रोजचे काम घरातच होते.

ते काम म्हणजे मुख्यतः नेम पाळणे. बारा-बारा तासांच्या अंतराने दोन वेळा खाणे आणि खाणे झाले की सुई. भाकरी एकदम बंद करावी लागते असे नाही. किती भाकरी, तिच्याबरोबर काय, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि मग रोज तेवढेच, त्याच वेळी द्यावे. खरी अडचण येते ती गावाच्या प्रेमाने. एका घरचे कुत्रे चार घरी खाते. कुणी चहात बुडवून बिस्किट देतो, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा घास मिळतो. म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवणे हा उपचाराचाच भाग समजावा.

सुई बारीक असते. मानेमागची किंवा बरगडीवरची सैल कातडी चिमटीत धरून तिच्या खाली टोचायचे. कुत्र्याने खाल्लेच नाही तर नेहमीचे पूर्ण प्रमाण देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. साखर फार उतरली तर कुत्रे लटपटते, थरथरते, झटके येतात. अशा वेळी ग्लुकोजचे किंवा गुळाचे घट्ट पाणी हिरड्यांवर चोळावे आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. ‘शुगर-फ्री’ गोळ्या वा च्युइंगममध्ये झायलिटॉल असू शकते. कुत्र्याला ते विषारी आहे. माणसांच्या यंत्रावर कुत्र्याची रक्तशर्करा पाहिली तर आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो, हेही लक्षात ठेवावे.

सिरिंजची एक बाब जीवनमरणाची आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलीटरला ४० एकके असतात, काहींत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत पाव मिलिलीटर औषध बसते. तिच्यात चुकून १०० ची बाटली भरली तर १० ऐवजी २५ एकके जातील, म्हणजे अडीचपट. लहान कुत्र्याचा त्यात प्राण जाऊ शकतो. उलट चूक झाली तर १० ऐवजी ४ एककेच जातील.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. न वापरलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची असते, आणि बीडचा मे महिना चाळिशी ओलांडतो. वीज गेली, किंवा घरी फ्रिजच नसला, तर मातीचे मडके मदतीला येते. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, बाटली कोरडी राहील अशी ठेवावी. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच उतरते. केनियातील निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानाचा अभ्यास करून २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ आणि एका वैद्यकीय संस्थेने दाखवले की, २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान खालीवर होणाऱ्या तापमानातही इन्सुलिनचा गुण चार आठवडे टिकतो. फ्रिज नसलेल्या घरांना हा मोठाच दिलासा आहे. बाटली गोठू मात्र कधीच देऊ नये.

तिसरी अडचण या जिल्ह्याची खास आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर कोपीत राहतात. मागे राहिलेल्या कुत्र्याची सुई कोण देणार? बरोबर नेले तर पहाटे फडात जाण्याआधी आणि परत आल्यावर, अशा दोन वेळा ठरवता येतात. गावीच ठेवायचे असेल, तर शेजारच्या एकाने तरी सुई द्यायला आधीच शिकून घेतले पाहिजे. आणि कधी कधी खर्च आणि कष्ट खरोखरच आवाक्याबाहेर असतात. तेव्हा डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून जनावराला वेदनारहित मरण देण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला कुणी निर्दयी म्हणू नये. तहानेने आणि आम्लांनी तडफडत सोडून देणे त्याहून वाईट. पण आजार ओळखलाच गेला नाही म्हणून जे मरण येते, ते आपण नक्की टाळू शकतो. नीट काळजी घेतल्यास अनेक कुत्री निदानानंतर काही वर्षे चांगली जगतात.

वर्गात करण्यासारखे

बेनेडिक्टचे द्रावण बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत असते. लघवी न वापरता ग्लुकोजची कमी-अधिक तीव्रतेची द्रावणे करून ती तपासावीत. निळ्यापासून हिरवा, पिवळा, नारिंगी आणि विटकरी लाल असे रंग येतात. एके काळी माणसांच्या दवाखान्यातही मधुमेह असाच तपासला जाई. याच वेळी साध्या साखरेचे द्रावण आणि गुळाचे पाणी घेऊन पाहावे. साखर निळीच राहते, गूळ रंग बदलतो. मुंग्या मात्र दोन्हींना लागतात. असे का, हे मुलांना शोधू द्यावे.

मनुका पाण्यात टाकून त्या फुगताना दाखवल्या की मोतीबिंदूचे भिंग समजते. दोन मडकी घेऊन, एक ओल्या वाळूत आणि एक कोरड्या जागी ठेवून, दुपारभर दर तासाला दोन्हींतले तापमान नोंदवावे. ४० आणि १०० एककांच्या सिरिंजची गणिते सातवीच्या मुलांना त्रैराशिकाने जमतात. एखाद्या घरात इन्सुलिन घेणारी माणसे असतील, तर हे गणित त्या घरालाही उपयोगी पडेल.

शेवटी एक पाहणी सुचवतो. आपल्या गल्लीतली कुत्री किती पाणी पितात, कोणाचे वजन उतरले आहे, कोणाच्या लघवीला मुंग्या लागतात, याची नोंद मुलांनी आठवडाभर ठेवावी. अनोळखी कुत्र्याला हात लावू नये, कुत्रे चावले तर जखम साबणाने धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जावे, ही सूचना आधी द्यावी. अशा नोंदीत एखादे आजारी जनावर सापडले, तर वही घेऊन मुलांसह तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथील डॉक्टर मुलांच्या वहीतली नोंद पाहूनच तपासणीला सुरुवात करू शकतील.